वाचकांचे प्रश्न : पाठ दाबण्याचे स्वतः घडवलेले साधन

प्रश्न : मी हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात लेथवर, म्हणजे वस्तू फिरवत ठेवून कातण्याच्या यंत्रावर, टर्नर म्हणून काम करतो. गेली काही वर्षे उजव्या खवाट्याच्या आतल्या कडेला सारखी ठसठस असते. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून हाडात दोष नाही, दुखणे स्नायूंचे आहे, असे सांगितले. मालिश करायला दर वेळी माणूस मिळत नाही, म्हणून मी अर्ध्या इंचाचा लोखंडी पाइप छत्रीच्या मुठीसारखा वाकवून त्याच्या टोकात सुपारीएवढा लाकडी गोळा ठोकून बसवला. दांडा पुढून ओढला की गोळा पाठीत रुततो आणि बरे वाटते. मात्र दुसऱ्या दिवशी तेथे निळे डाग दिसतात. हे साधन वापरणे योग्य आहे का? त्याचे पेटंट मिळेल का? कारखान्यातील सहकारीही असे साधन बनवून मागत आहेत.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्या साधनाचा खरा गुण त्याच्या वाकणात आहे. स्वतःचा हात मागे नेऊन पाठ दाबायला गेले, तर त्या खटपटीत खांद्याचे स्नायू आवळले जातात, आणि आवळलेला स्नायू दाबाला दाद देत नाही. वाकवलेल्या दांड्यामुळे कोपर अंगालगत राहते, ओढण्याचे काम पोटासमोर होते आणि पाठ ढिली सोडता येते. शिवाय दाब किती द्यायचा, हे ज्याला दुखते त्याच्याच हातात राहते.

निळे डाग मात्र पडता कामा नयेत. त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्याची ती खूण आहे. तुमचा गोळा लहान आहे आणि जोर जास्त आहे. स्नायूतली गाठ ही फोडायची वस्तू नाही. दुखते खरे, पण श्वास अडत नाही आणि चेहरा आक्रसत नाही, एवढाच दाब द्यावा, तो अर्धा ते एक मिनिट तसाच ठेवावा आणि हळूहळू सोडावा. एकदाच जोर लावण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा हलका दाब देणे बरे. डाग पूर्ण जाईपर्यंत ती जागा दाबू नका.

गोळा सुमारे चार सेंटीमीटर व्यासाचा करा. तुमच्या हाताशी लेथ आहे, तेव्हा नायलॉनच्या रॉडमधून तो गुळगुळीत उतरवता येईल. तो नुसता ठोकून न बसवता पाइपात आटे पाडून कसा, कारण ओढताना गोळा निसटला तर पाइपाची उघडी कड थेट पाठीत घुसेल.

दुखते तेथेच दोष असतो, असेही नाही. अमेरिकेतील डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल, ज्या १९६१ पासून राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य होत्या, त्यांनी स्नायूंतील अशा हळव्या जागांचा, म्हणजे ट्रिगर पॉइंटचा, दीर्घकाळ अभ्यास केला आणि कोणत्या स्नायूतील जागा दाबली असता वेदना शरीरात कोठे उमटते, याचे नकाशे तयार केले. या जागा नेमक्या कशामुळे तयार होतात, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. पण वेदना दूरवर उमटते, हा अनुभव उपचार करणाऱ्यांना नेहमी येतो. खवाट्याच्या आतल्या कडेचे दुखणे पुष्कळदा मानेच्या पुढच्या बाजूच्या स्नायूंतून येते. तेथे मेंदूकडे रक्त नेणारी मोठी धमनी असते, म्हणून त्या भागाला हे साधन कधीही लावू नका. ते काम फिजिओथेरपिस्टच्या बोटांचे आहे. मणक्याची हाडे, शेवटच्या बरगडीखालचा मूत्रपिंडाचा भाग आणि काखही वर्ज्य समजा.

दिवसभर वाकून, मान पुढे काढून जॉबकडे, म्हणजे कातायच्या वस्तूकडे, पाहत राहिलात, तर रात्री कितीही दाबले तरी सकाळी दुखणे परत येणारच. लेथच्या चकाचा, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या भागाचा, मध्य साधारण तुमच्या कोपराच्या उंचीला येतो का, ते पाहा. मशीन खाली असेल तर उंच करून मागा. हातात मुंग्या येणे, पकड ढिली पडणे, रात्री दुखण्याने जाग येणे, यांपैकी काही असेल तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा. छातीत दडपण, घाम किंवा धाप यांसह पाठ दुखली, तर साधनाला हातही न लावता थेट रुग्णालय गाठा.

आता पेटंटचे. भारतीय पेटंट कायदा, १९७० मधील कलम ३ नुसार माणसावरील उपचाराच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. साधनाला मिळू शकते, पण ते नवे असावे लागते. असे वाकवलेले दांडे परदेशांत बऱ्याच वर्षांपासून विकले जातात, त्यामुळे नुसत्या वाकणावर हक्क सांगता येणार नाही. गोळा बदलण्याची किंवा दाब मर्यादित ठेवणारी एखादी नवी रचना तुम्हाला सुचली, तर मात्र विचार करण्याजोगे आहे. आधी जुन्या पेटंटांचा शोध घ्या. तो पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या घेता येतो. नागपुरात सिव्हिल लाइन्स भागात राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. या विषयाचे प्रशिक्षण तेथे दिले जाते. तात्पुरत्या तपशिलासह अर्ज केल्यास पूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिने मिळतात, आणि महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात.

सहकाऱ्यांना साधा दांडा बनवून द्यायला हरकत नाही. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना किंवा हाडे ठिसूळ झालेल्यांना तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. नवी रचना सुचली, तर अर्ज दाखल होईपर्यंत ती कोणाला दाखवू नका, कारण उघडपणे वापरात आलेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने नवी उरत नाही.