किल्ली बंद केल्यावर चार्जिंगचा दिवा जळतो, चालू केल्यावर विझतो : ॲम्बेसेडरचा नवा अल्टरनेटर खराब आहे का?

तुम्ही लिहिलंय की बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून त्याजागी आतच रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) असलेला 36 अँपिअरचा अल्टरनेटर बसवला, तेव्हापासून दिवा असा उलटा वागतोय आणि गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. अल्टरनेटर बदलायची घाई करू नका. डायनॅमो काढून केलेल्या बदलात हा दोष बहुतेक वेळा वायरिंगचा असतो.

आधी दिवा जळतो कसा ते पाहू. त्याचं एक टोक किल्लीकडून येतं, दुसरं अल्टरनेटरच्या छोट्या 'आयएनडी' टर्मिनलला जातं. किल्ली चालू केली की करंट दिव्यातून रोटरमध्ये (अल्टरनेटरचा फिरता भाग) आणि तिथून अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला जातो. दिवा पेटतो आणि रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व मिळतं. इंजिन सुरू होऊन चार्जिंग आलं की दिव्याच्या दोन्ही टोकांना 14 व्होल्ट होतात, म्हणून तो विझतो. तुमच्या गाडीत मात्र आयएनडीकडच्या टोकाला कायम 12 व्होल्ट मिळतायत. किल्ली बंद असताना दुसऱ्या टोकाला इग्निशन कॉइल, पेट्रोलचा काटा यांच्यातून अर्थ सापडतो आणि दिवा जळतो. किल्ली चालू केली की दोन्हीकडे 12 होतात आणि तो विझतो. तेव्हा शोधायचं एवढंच, की हे 12 व्होल्ट येतात कुठून.

किल्ली बंद ठेवा, दिवा जळत असू द्या आणि अल्टरनेटरची आयएनडी वायर उपसा. दिवा विझला, तर करंट अल्टरनेटरच्या आतून येतोय, म्हणजे डायोड प्लेटमधला (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडांची प्लेट) पॉझिटिव्ह डायोड शॉर्ट आहे. अशा वेळी रोटरलाही सतत करंट मिळत राहतो. रोटरचा रेझिस्टन्स 3 ते 4 ओहम असतो, त्यामुळे जवळपास 3 अँपिअर रात्रभर वाहतात. गाडी तासभर बंद ठेवून अल्टरनेटरला हात लावा, तो कोमट लागेल. मग डायोड प्लेट बदलावीच लागेल. वायर उपसूनही दिवा तसाच जळत राहिला, तर दोष कटआउटच्या खोक्यापाशी, म्हणजे डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या जुन्या खोक्यापाशी आहे.

ॲम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आली आणि वायरिंग लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचं. जुन्या खोक्यावर ए, ए1, एफ, डी, ई असे पाच स्क्रू असतील, तर दिव्याची बारीक वायर डीवर असते. डायनॅमो फिरत नसला की डीवर व्होल्टेज नसायचं, म्हणून ते चालत होतं. अल्टरनेटर लावताना डायनॅमोची डीवरची जाड वायर अल्टरनेटरच्या मुख्य बीप्लस टर्मिनलला जोडतात आणि ती कायम बॅटरीवर येते. दिव्याची वायर तिथेच राहिली, की तुम्ही सांगताय तेच होतं. शिवाय खोक्यातल्या कॉइल डीपासून अर्थपर्यंत जातात, त्याही सतत करंट खात राहतात. एकटा 2.2 वॅटचा दिवा दिवसाला साडेचार अँपिअर-अवर घेतो, त्यात ही भर.

दुरुस्ती बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मगच करा. डीवरची दिव्याची बारीक वायर काढून एफवरून अल्टरनेटरकडे जाणाऱ्या वायरला जोडा आणि तिचं दुसरं टोक आयएनडीला द्या. ए आणि ए1 या वायरी एकत्र बांधा. खोकं शोभेसाठी जागेवर हवं असेल तर ठेवा, पण आतल्या कॉइलच्या जोडण्या तोडा. आतून डी आणि एफ कॉन्टॅक्टमधून जोडलेले असतात, तेवढं विसरलात तर आयएनडीला पुन्हा बॅटरी मिळेल. जुन्या वायरींचे रंग कुणी ना कुणी बदललेले असतात, म्हणून प्रत्येक वायर मीटरने तपासूनच ओळखा.

मुख्य वायरबाबत माझं मत ठाम आहे: डायनॅमोची जुनी वायर वापरू नका. डायनॅमो 20-22 अँपिअरचा होता. बीप्लसपासून स्टार्टरच्या सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) बॅटरीकडच्या बोल्टपर्यंत 6 चौरस मिमीची नवी तांब्याची वायर टाका, थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) नीट दाबून बसवा, मध्ये 50 अँपिअरचा फ्यूज घाला. अल्टरनेटरच्या बॉडीपासून इंजिनला आणि इंजिनपासून चॅसीला अर्थही नव्याने द्या, रंग आणि गंज खरवडून.

आता पडताळणी. किल्ली चालू, इंजिन बंद: दिवा ठळक जळावा आणि आयएनडीवर 1.5 ते 2 व्होल्ट दिसावेत. दिवा जळलाच नाही, तर आयएनडीची वायर काढून बॉडीला टेकवा. आता जळला, तर वायर ठीक आहे, अल्टरनेटरचे कार्बन किंवा स्लिप रिंग (रोटरला करंट पोहोचवणारे भाग) बघा. तरीही नाही, तर बल्ब गेलाय किंवा वायर तुटली आहे. या जागी एलईडी लावू नका, रोटरला पुरेसा करंट मिळत नाही. लावायचाच असेल तर त्याला समांतर 68 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर जोडा.

इंजिन 1500 आरपीएमला आणि हेडलाइट लावून बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट हवेत. बीप्लस ते बॅटरी पॉझिटिव्ह यांच्यातला फरक 0.3 व्होल्टच्या आत, अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरी निगेटिव्ह 0.2 च्या आत. इंजिन चालू असताना दिवा मंद जळत असेल आणि बॅटरीचे व्होल्ट बरोबर असतील, तर किल्लीच्या जुन्या कॉन्टॅक्टमध्ये व्होल्ट गळतायत का ते मोजा. डायोडची शंका राहिली तर बॅटरीवर एसी मोजा, 0.5 व्होल्टपेक्षा जास्त म्हणजे डायोड गेला. स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाच 25-30 दाखवतात, म्हणून प्रोबला सिरीजमध्ये 1 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर लावा.

काम सुरू करण्याआधी आणखी एक बघा: बॉडीला बॅटरीचा निगेटिव्हच आहे ना? जुन्या मॉरिस वळणाच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असायचा, आणि तसाच अल्टरनेटर जोडला तर डायोड त्याच क्षणी जातात. आणि चार्जिंग तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढायची गॅरेजमधली जुनी सवय अल्टरनेटरला मुळीच लावू देऊ नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि रेग्युलेटर, डायोड दोन्ही जातात.