मेल उघडलीच नाही, तरी?

प्रश्न : जिनिंगच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर मेलसाठी आउटलुक २०१० आहे. अनोळखी अटॅचमेंट मी उघडतच नाही. मग भीती कसली?
– एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : दादा, न उघडताही घात होतो. मार्च २०२३ मध्ये आउटलुकमधलं असंच एक भगदाड बुजवलं गेलं. मेलमधल्या रिमाइंडरचा आवाज कुठून आणायचा, तिथं चोर आपल्या सर्व्हरचा पत्ता टाकायचा. रिमाइंडरची वेळ झाली की विंडोजच्या पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डवरून बनलेला सांकेतिक ठसा, तिकडं रवाना. एक क्लिकही नाही! तुमच्या २०१० ला तर ऑक्टोबर २०२० पासून अपडेटच नाहीत. अशी मशीनं माझ्याकडं दुरुस्तीला येतात, कीबोर्डात रुई अडकलेली, आत सगळ्या व्यापाऱ्यांचे खातेनंबर. जीव कळवळतो. हंगामाआधी थंडरबर्ड हा मेलचा दुसरा प्रोग्राम टाका, फुकट आहे; अपडेट मात्र चालू ठेवा.