फ्रोझन मटण घरपोच येतं, पण दारावर तुझं नाव हवं

तू विचारलंस, "ताई, आम्ही तीन महिन्यांत जर्मनीत न्यूर्नबर्गला येतोय, मुलगा सहा वर्षांचा आहे. तिकडं बकऱ्याचं मटण फ्रोझन मिळतं, ऑनलाइन मागवलं की घरी येतं म्हणे. ते खाण्यासारखं असतं का?" व्हिसा, विमा, बँक यांची माहिती तुला सरकारी पानांवर मिळेल, त्यावर मी लिहीत नाही. पण मटणाचा हा प्रश्न वाचल्यापासून मला चैन नाही. माझं माहेर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं. २०१७ साली निघताना मीही हेच विचारत होते आणि मला कुणी धड सांगितलं नव्हतं.

आधी उत्तर देते. हो, येतं, आणि खाण्यासारखं असतं. पहिल्यांदा आवडणार नाही. आपण रविवारी सकाळी सातला दुकानासमोर उभं राहून "नळी घाला, दोन चाप घाला, चरबी नको" असं सांगणारी माणसं. सत्तूर ठोकळ्यावर पडला की आपल्या पोटात भूक उठते. आपल्याकडं बर्फातलं मटण म्हटलं तरी लोक तोंड वाकडं करतात. पण तो बर्फ वेगळा आणि हा वेगळा. घरच्या फ्रीजरमध्ये मटण हळूहळू गोठतं, आत बर्फाचे मोठे खडे होतात, ते मांस फाडतात आणि शिजवताना सगळं पाणी सुटतं. कारखान्यात झटक्यात गोठवतात, खडे बारीक राहतात, मांस बऱ्यापैकी तसंच राहतं. पाकिटावर गोठवल्याची तारीख छापलेली असते, ती बघून घे. तुकड्यांवर पांढरे, कोरडे डाग असतील तर ते मटण फार दिवस पडलेलं आहे असं समज.

आता महत्त्वाचं. साध्या सुपरमार्केटात बकऱ्याचं मटण जवळपास नसतंच. तुर्की दुकानात ताजं मिळतं ते कोकराचं, त्याला इथं 'लाम' म्हणतात. शेळीला 'त्सीगं'. मागवताना हा शब्द बघितल्याशिवाय पैसे भरू नकोस. मी पहिल्या वर्षी इंग्रजीतलं 'मटन' वाचून मागवलं आणि आलं मेंढीचं. तांबड्या रश्श्यात ते खपतं, आपली चटणी सगळं झाकून घेते. पांढऱ्या रश्श्यात खपत नाही. अळणीला, म्हणजे मटणाच्या बिनतिखट पाण्याला, उकळी आली की मेंढीच्या चरबीचा वास घरभर होतो आणि नारळाचं दूध घातलं तरी जात नाही. आणखी एक, इथं हाडं करवतीनं कापतात. तुकड्यांना हाडाचा भुगा चिकटलेला असतो, तो बोटानं चोळून धुऊन काढ, नाहीतर रस्सा दाताखाली कचकचतो. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस सुटू दे, सुटलेलं पाणी फेकून दे, मग हळद, मीठ, आलं-लसूण लाव. गरम पाण्यात टाकायची घाई केलीस तर वरून मऊ आणि आत दगड असं होतं.

खसखशीचं सांगते. इथल्या दुकानात खसखस ढिगानं मिळते, पण ती निळी असते, पावाला लावायची. मी ती वाटून घातली आणि पांढरा रस्सा राखेच्या रंगाचा झाला. पांढरी भारतीय दुकानात मिळते. दुबईवरून विमान असेल तर खसखस बॅगेत अजिबात टाकू नकोस, तिथं तिच्यावर बंदी आहे आणि लोक खरोखर अडकलेत. आईनं दिलेलं मटणाचं लोणचंही आणू नकोस. माझ्या आईनं दोन किलोचं केलं होतं, तीन पिशव्यांत बांधून. विमानतळावर माझ्यासमोर ते कचऱ्याच्या डब्यात गेलं. मी आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं आम्ही खाल्लं. डंकावर कुटलेली चटणी मात्र भरपूर आण, वर्षाची आण.

पार्सलचं आता नीट वाच. मटण थर्माकोलच्या खोक्यात येतं, आत कोरडा बर्फ असतो, उणे ७८ अंशांचा. त्याला हात लावायचा नाही, लहान मुलाला जवळ येऊ द्यायचं नाही, खिडकी उघडून ठेवायची आणि तो आपोआप उडून जाऊ द्यायचा. कोरडा बर्फ एक-दोन दिवसच पुरतो. म्हणून मागणी अशी कर की पार्सल मंगळवार ते गुरुवारच्या आत हातात पडेल. शुक्रवारी चुकलं तर मध्ये रविवार येतो, आणि रविवारी इथं काहीच हलत नाही.

माझं चुकलं ते शुक्रवारीच. जुलै २०१८, आखाड चालू होता. घरी सगळी त्र्यंबोली देवीला नवं पाणी घालायला निघाली होती, भावानं पी ढबाक वाजंत्रीचा आवाज फोनवर ऐकवला. मी सहा किलो मागवलं होतं. माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, मागणीही त्याच नावानं केली. इथं फ्लॅटला नंबर नसतो गं, पार्सलवाला खाली बेलच्या पट्टीवर आडनाव शोधतो. पट्टीवर फक्त नवऱ्याचं आडनाव होतं. माझं लावा म्हणून इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला मी तीन पत्रं लिहिली होती, उत्तर नव्हतं. मी दिवसभर घरात होते, खिडकीशी बसून. तो आला, वाचलं, निघून गेला. पत्ता सापडला नाही असा मेसेज आला. पार्सल कोपऱ्यावरच्या एका दुकानात टाकलं होतं आणि मला कळेपर्यंत ते बंद झालं. शनिवारी मालकानं दुकान उघडलंच नाही. त्या आठवड्यात उकाडा असा होता की रात्री झोप लागत नव्हती.

सोमवारी आणायला गेले तर खोक्याच्या कोपऱ्यातून गुलाबी पाणी ठिबकत होतं आणि दुकानदारानं खाली वर्तमानपत्र घातलं होतं. मी ते खोकं दोन्ही हातांत धरून घरापर्यंत चालत आले, पोटाशी धरून, कुर्त्याला डाग पडला. घरी उघडायचा धीर झाला नाही. सरळ मागच्या कचराकुंडीत टाकलं आणि तिथंच उभी राहून रडले. मटणासाठी नाही रडले, हे तुला कळेल. माझ्या दारावर माझं नाव नाही म्हणून रडले. विवाहाचा दाखला, त्याचं भाषांतर, मुलीच्या जन्मदाखल्यावरचं माझं नाव, पासपोर्टवरचं नाव, प्रत्येक ऑफिसात हे जुळत का नाही म्हणून विचारायचे, आणि मी प्रत्येक वेळी लग्नानंतर नाव न बदलल्याची सफाई द्यायचे. तुझंही नाव वेगळं असेल तर घराच्या करारावर सही करतानाच दोन्ही आडनावं बेलवर लावायला सांग. नाही लावली तर कागदावर लिहून स्वतः चिकटव. मी शेवटी तेच केलं.

पार्सल उशिरा आलं तर घाबरू नकोस. पाकीट अजून कडक असेल, आत बर्फ हाताला लागत असेल तर फ्रीजरमध्ये टाक. मऊ पडलंय पण थंडगार आहे, तर त्याच दिवशी शिजव. कोमट लागलं तर विचार न करता टाकून दे.

फ्रीजर वेगळा घ्यायचाच. फ्रीजमधले तीन खण मटारातच भरतात. बहुतेक इमारतींत तळघरात प्रत्येकाला छोटी खोली असते, लोक तिथं ठेवतात. तिथला प्लग आपल्याच मीटरवर आहे का ते मात्र आधी विचार.

एकटेपणाचं विचारलंयस. येतो. पहिल्या दोन हिवाळ्यांत जास्त. मग जातो.

आता जे सांगायचं नव्हतं ते सांगते. २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरावरून कोल्हापुरात आंदोलन पेटलं तेव्हा मी इथं ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत एकेक बातमी वाचत होते. त्यातूनच डोक्यात आलं की आपणही इथं एकत्र मागवू, म्हणजे पाठवणीचा खर्च वाटला जाईल. आधी तीन घरं होती, मग सात, मग अकरा. कुणाला खिमा, कुणाला नळ्या, कुणाला कलेजी. वही माझ्याकडं, पैसे माझ्याकडं, पार्सल माझ्या दारात. रस्सा मंडळच म्हणायचे सगळे आमच्या घराला. मला ते फार आवडायचं. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मी फोनवर असायचे.

बायर्नमध्ये, म्हणजे न्यूर्नबर्ग ज्या राज्यात आहे तिथं, चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या शाळांत जातात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तरच थेट गिम्नाझियम, म्हणजे सरळ विद्यापीठाकडं नेणारी शाळा. इथं १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट. मे महिन्यात या मार्कांचा कागद हातात येतो. मुलीच्या चौथीच्या सुरुवातीला शाळेनं या विषयावर पालकांची सभा ठेवली होती, गुरुवारी संध्याकाळी. त्याच दिवशी बावीस किलोचं पार्सल यायचं होतं आणि नवरा गावाला होता. मी सभेला गेले नाही. मला वाटलं कागद देतील, वाचीन. पार्सल आता कुठल्या गोदामात आहे, किती थांबे उरलेत, हे मी दर दहा मिनिटांनी बघत होते.

२०२४ च्या मेमध्ये मुलीचे मार्क आले. जर्मन ३, गणित २, परिसर अभ्यास ३. सरासरी २.६६. म्हणजे रिआलशूलं, गिम्नाझियमच्या खालची शाळा. एका विषयात एक पायरी वर असती तर २.३३ झाले असते. ज्यांचं थोडक्यात चुकतं त्यांच्यासाठी तीन दिवसांची वेगळी परीक्षा असते, ते मला कळलं तेव्हा नाव द्यायची मुदत संपली होती. बाईंना भेटले तर त्या म्हणाल्या, सभेत सगळं सांगितलं होतं. आवाज चढवला नाही, चांगलं बोलल्या. ते मला जास्त लागलं. घरी जर्मन कमी बोलता, असंही म्हणाल्या. हो, कमी बोलतो. माझी मुलगी अजून "मी येतो, मी जातो" म्हणते, आपल्या पेठेतल्या पोरींसारखं. पुण्याच्या मावश्या तिला दुरुस्त करतात, मी करत नाही. त्याचा मार्कांशी काय संबंध, हे मला तेव्हा जर्मनमध्ये नीट विचारता आलं नाही. रोज रात्री ते वाक्य मी मनात जुळवते, आता बरोबर जुळतं.

रिआलशूलं वाईट नाही. तिथूनही पुढं विद्यापीठापर्यंत जाता येतं आणि ती खुशीत आहे. माझ्या मनातून जात नाही, एवढंच. रस्सा मंडळ मी त्याच उन्हाळ्यात बंद केलं. लोक रागावले, दोन घरांनी बोलणं सोडलं. आता आम्ही आमच्यापुरतं मागवतो, महिन्याला तीन किलो.

तुझा मुलगा सप्टेंबरात पहिलीत जाईल. पहिल्या काही आठवड्यांतच पालकसभेची तारीख येईल, तुम्ही दोघंही जा, भाषा कळो न कळो. त्या आठवड्यात मटण मागवू नकोस. लागलं तर माझ्याकडून ने, दोन किलो नळ्या तुझ्यासाठी बाजूला ठेवते.