'मायसिन'मधली बुरशी

प्रश्न असा आहे: स्ट्रेप्टोमायसिन, एरिथ्रोमायसिन, व्हँकोमायसिन यांतलं 'मायसिन' म्हणजे काय, आणि ही सगळी औषधं एकाच गटातली का?

मुळात ग्रीक शब्द बुरशीचा. पण ही औषधं बुरशीची नव्हेत, जिवाणूंची. गोंधळ १८७७ सालचा आहे. गुरांच्या जबड्यातल्या गाठींत किरणांसारखे पसरलेले तंतू पाहून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हार्झने त्या जीवाला अ‍ॅक्टिनोमायसिस, म्हणजे 'किरण-बुरशी', म्हटलं. तंतू असले तरी त्यांची जाडी जेमतेम १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि बुरशीच्या पेशीत असतं तसं केंद्रक त्यांच्या पेशीत नाही. मातीतल्या त्यांच्या भाऊबंदांना १९४३ साली वाक्समन आणि हेन्रिसी या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी स्ट्रेप्टोमायसिस हे नवं नाव दिलं, त्यातही बुरशी राहिलीच.

औषधांच्या नावात ती आली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठामधून. वाक्समनच्या प्रयोगशाळेत १९४० मध्ये अ‍ॅक्टिनोमायसिन मिळालं, १९४२ मध्ये स्ट्रेप्टोथ्रिसिन, आणि १९४३ मध्ये अल्बर्ट शॅट्झला स्ट्रेप्टोमायसिन. पहिली दोन्ही विषारी ठरली. तिसरं क्षयावर चाललं आणि त्याचं शेपूट रूढ झालं. नाहीतर आज 'थ्रिसिन'ची रांग दिसली असती.

हे जीव बुरशी नव्हेत हे मातीतून ते वेगळे करतानाच कळतं. वाळवलेली १ ग्रॅम माती ९ मिली निर्जंतुक पाण्यात ढवळतात, दहा-दहा पटींनी विरळ करत जातात आणि ०.१ मिली स्टार्च-केसीन अगारवर, म्हणजे बशीत थिजवलेल्या जेलीसारख्या खाद्यावर, पसरतात. खरी बुरशी दोन-तीन दिवसांत बशी व्यापून टाकते, म्हणून अगारमध्ये आधीच सायक्लोहेक्झिमाइड घालतात. ते केंद्रक असलेल्या पेशींचं प्रथिन बनवणं थांबवतं: बुरशी अडते, 'किरण-बुरशी' मजेत वाढते. गंमत म्हणजे हे सायक्लोहेक्झिमाइडही स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसच बनवतो, म्हणजे ज्या जातीपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं तीच. बशी २८ अंशांना ७ ते १४ दिवस ठेवायची. घाई केली तर वसाहती साध्या जिवाणूंसारख्याच दिसतात आणि हातच्या जातात; खडूच्या भुकटीसारखा पृष्ठभाग आणि ओल्या मातीचा वास नंतर येतो.

आता गटाचं. 'मायसिन' फक्त उगम सांगतं, काम नाही. स्ट्रेप्टोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन जिवाणूंच्या रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या, वेगवेगळ्या भागांवर बसतात, व्हँकोमायसिन पेशीभित्तिका बांधू देत नाही, आणि ब्लिओमायसिन तर कर्करोगावरचं औषध आहे. म्हणून 'मला मायसिनची अ‍ॅलर्जी आहे' एवढं सांगणं पुरेसं नाही, पूर्ण नाव लागतं. उगमाचा दाखलाही कधी शिळा होतो: एरिथ्रोमायसिन आणि व्हँकोमायसिन देणारे जीव पुढे स्ट्रेप्टोमायसिसमधून काढून दुसऱ्या प्रजातींत टाकले गेले, औषधांची नावं मात्र तशीच आहेत.

एक बारकावा देवनागरीत हरवतो. जेंटामायसिन स्ट्रेप्टोमायसिसपासून नव्हे, तर मायक्रोमोनोस्पोरा या दुसऱ्या जिवाणूपासून मिळतं, म्हणून इंग्रजीत त्याच्या शेपटात 'एम'नंतर 'वाय' नसून 'आय' लिहितात. आपण दोन्ही 'मायसिन'च लिहितो, तेव्हा रोमन लिपीत लिहिताना मूळ नाव पाहावं. आणि पेनिसिलिन? ते खऱ्या बुरशीचं, पण त्याच्या नावात 'मायसिन' नाही.