यूएसबीने ड्रम जोडले, रेकॉर्डिंग झालं, पण आवाज का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवा इलेक्ट्रॉनिक ड्रम सेट यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडला, सॉफ्टवेअरमध्ये लाल बटण दाबून पाच मिनिटं वाजवलं, स्क्रीनवर बारीक बारीक रेघा उमटल्या, पण प्ले केल्यावर काहीच ऐकू आलं नाही. सेट बिघडलाय का, आणि ऑडिओ इंटरफेस (वाद्याचा आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा छोटा डबा) घ्यावाच लागेल का?

सेट ठणठणीत आहे, आणि इंटरफेस आत्ताच घेऊ नका.

बऱ्याच मॉड्यूलांच्या, म्हणजे पॅड ज्याला जोडलेले असतात त्या आवाज काढणाऱ्या डब्यांच्या, यूएसबीतून आवाज बाहेर पडतच नाही, फक्त मिडी बाहेर पडतं. मिडी म्हणजे कोणत्या पॅडवर, कोणत्या क्षणी, किती जोरात स्टिक पडली याची नोंद. १९८३ पासून चालत आलेली ही पद्धत आहे. त्यात प्रत्येक आवाजाला एक नंबर असतो: साधारणपणे किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ३६, स्नेअरचा (समोरच्या मुख्य ड्रमचा) ३८, बंद हाय-हॅटचा (पेडलने उघडझाप होणाऱ्या झांजांचा) ४२, उघड्या हाय-हॅटचा ४६, आणि फटक्याचा जोर १ ते १२७ या आकड्यांत. तुम्हाला दिसलेल्या रेघा म्हणजे हीच नोंद. लॅपटॉपने आपलं काम चोख केलंय, फक्त ती नोंद वाजवून दाखवणारं वाद्य त्या ट्रॅकवर बसवलेलं नाही. काही मॉड्यूल यूएसबीवरून ऑडिओसुद्धा पाठवतात, पण तसं असेल तर मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं.

ते वाद्य म्हणजे ड्रमचा प्लगइन, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचा छोटा प्रोग्राम. एमटी पॉवर ड्रम किट फुकट मिळतो आणि सुरुवातीला पुरेसा आहे. मॅकवर गॅराजबँड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात ड्रम किट आधीपासूनच असतात. विंडोजवर मी रीपर हे तसंच सॉफ्टवेअर वापरतो. ट्रॅकवर प्लगइन टाका, ट्रॅकचा इनपुट मिडीवर ठेवा आणि तेच जुनं रेकॉर्डिंग पुन्हा लावा. काल मुकं असलेलं तुमचं वादन ऐकू येईल.

इथून पुढे जवळजवळ प्रत्येक नवखा एका ठिकाणी अडतो. प्लगइनचा आवाज हेडफोनमध्ये ऐकत वाजवायला जातो आणि आवाज फटक्याच्या मागून येतो. कारण साधं आहे. कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून मग बाहेर सोडतो. हा साठा, म्हणजे बफर, १०२४ सॅम्पलचा (आवाजाच्या बारीक तुकड्यांचा) असेल आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला असे तुकडे, ४४,१०० असेल, तर एवढ्यानेच सुमारे २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो. १२८ सॅम्पलवर तोच उशीर ३ मिलिसेकंदांच्या आत येतो, पण लॅपटॉप दमदार नसेल तर आवाज तडतडायला लागतो. मग माणूस ड्रायव्हर बदलतो, सेटिंग चाळतो, रात्रीच्या रात्री त्यात घालवतो आणि वाजवणं राहूनच जातं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण शिकण्याच्या काळात या भानगडीत पडायची गरजच नाही.

हेडफोन लॅपटॉपला लावूच नका, मॉड्यूलला लावा. मॉड्यूलचा आवाज तिथल्या तिथे येतो, उशीर जाणवत नाही. तुम्ही मॉड्यूलचा आवाज ऐकत वाजवा, लॅपटॉप मागे गुपचूप मिडी टिपत राहील. चांगला आवाज नंतर प्लगइनमधून काढता येतो. मात्र रेकॉर्ड करताना त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (वाजवतानाच प्लगइनचा आवाज ऐकवणं) बंद ठेवा, नाहीतर मॉड्यूल आणि प्लगइन दोन्ही वाजतील आणि प्रत्येक फटका दुहेरी ऐकू येईल.

मग मेट्रोनोम, म्हणजे लय धरून देणारी टकटक किंवा क्लिक, कसा ऐकायचा? मॉड्यूलवर ‘ऑक्स इन’ किंवा ‘मिक्स इन’ लिहिलेलं छोटं भोक शोधा. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून तिथपर्यंत एक स्टिरिओ वायर टाका. आता क्लिक, गाणं आणि तुमचे ड्रम तिन्ही एकाच हेडफोनमध्ये येतात. रेकॉर्ड फक्त मिडी होतंय, त्यामुळे क्लिक त्यात शिरत नाही. ब्लूटूथ मात्र यात कुठेही नको, त्याचा उशीर फार मोठा असतो. एवढं करूनही सगळा टेक (एका वेळचं रेकॉर्डिंग) सारखाच थोडा मागे पडलेला, म्हणजे उशिरा आलेला दिसला, तर तो अख्खा उचलून स्क्रीनवर किंचित डावीकडे सरकवा. उशीर सगळीकडे सारखा असेल तर ते एका मिनिटाचं काम आहे.

हाय-हॅट त्रास देईल, आधीच सांगून ठेवतो. माझ्या पहिल्या टेकमध्ये मी पाय घट्ट दाबून बंद हाय-हॅट वाजवला होता आणि प्लगइनमधून तो पूर्ण उघडा, सळसळत ऐकू आला. मध्येमध्ये काही फटके तर गायबच. पेडल किती दाबलंय हे बहुधा कंट्रोलर क्रमांक ४ या वेगळ्या मिडी संदेशावरून कळवलं जातं, आणि माझा प्लगइन त्याच्याकडे बघतच नव्हता. गायब फटक्यांची गोष्ट वेगळी होती. रोलंड कंपनीच्या बऱ्याच मॉड्यूलांत हाय-हॅटच्या कडेवरच्या फटक्यांना २२ आणि २६ हे नंबर असतात, आणि त्या प्लगइनमध्ये या नंबरांवर काहीच आवाज नव्हता. प्लगइनच्या मॅपिंगमध्ये (कोणत्या नंबरला कोणता आवाज, या यादीत) तुमच्या मॉड्यूलचं नाव असेल तर ते निवडा. नसेल तर एकेक पॅड वाजवून स्क्रीनवर नंबर बघा आणि हाताने जुळवा. अर्धा तास जाईल, पण पुन्हा करावं लागत नाही.

मी मिडीचा इतका आग्रह धरतो त्याचं कारण दुरुस्तीची सोय एवढंच नाही. स्नेअरवर दोन्ही हातांनी एकेक असे सोळा फटके मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत रेकॉर्ड करा आणि त्यांच्या जोराचे आकडे बघा. माझे असे होते: १०८, ७१, ११२, ६८, १०५, ७४. वाजवताना मला दोन्ही हात सारखेच वाटत होते. डावा हात नुसता हलकाच नव्हता, प्रत्येक वेळी स्क्रीनवरच्या ठोक्याच्या रेघेच्या किंचित पुढेही पडत होता. कानाला जे महिनोन् महिने कळलं नव्हतं, ते त्या दिवशी डोळ्यांना दिसलं. म्हणून निदान सुरुवातीला क्वांटाइझला, म्हणजे फटके आपोआप ठोक्याच्या रेघेवर ओढून बसवण्याच्या सोयीला, हात लावू नका. कुणाला ऐकवण्यासाठी टेक सावरायचाच असेल तर शंभर टक्के न करता पन्नास-साठवर थांबा, नाहीतर सगळा ठेका यंत्राने वाजवल्यासारखा होतो. आणि मूळ टेकची एक प्रत जपून ठेवा.

इंटरफेस कधी घ्यायचा? मॉड्यूलमधलाच एखादा किट तुम्हाला इतका आवडला की नेमका तोच आवाज रेकॉर्ड करायचाय, तेव्हा. मग मॉड्यूलच्या डाव्या-उजव्या आउटपुटमधून दोन वायरी इंटरफेसच्या लाइन इनपुटला लावा, माइक इनपुटला नाही. जोरात जोरात वाजवून बघा आणि सर्वात मोठा फटका सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असा गेन (इनपुटचा आवाज कमी-जास्त करणारं बटण) ठेवा. ऑक्समधून येणारं गाणं अनेक मॉड्यूलांत याच आउटपुटमधून बाहेर पडतं, म्हणजे ते ड्रमबरोबर रेकॉर्ड होईल, आणि एकदा मिसळलं की वेगळं करणं अवघड. त्या वेळी हेडफोन इंटरफेसला लावा आणि गाणं तिथूनच ऐका. यूएसबी वायर तेव्हाही काढू नका. दुसऱ्या ट्रॅकवर मिडी टिपत राहू द्या.