नोटेशनची प्रत घेताना : वाचकांचे प्रश्न

स्टाफ नोटेशनची (पाच रेघांवर स्वर लिहिण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीची) छापील पुस्तके कशी निवडावीत, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये २४ जण आहेत, त्यांत पुरुष फक्त ६. नाताळला हॅन्डेलच्या ‘मसाया’तले तीन कोरस गायचे ठरले आहे. काहींच्या घरी जुनी पुस्तके आहेत, बाकीच्यांना घ्यावी लागतील. कोणती घ्यावीत? टेनर (पुरुषांतला वरचा आवाज) तीनच असल्यामुळे तीन आवाजांची अरेंजमेंट घेतली तर चालेल का? (वसई)

उत्तर : आधी घरोघरची पुस्तके एका टेबलावर आणा आणि मुखपृष्ठावर संपादकाचे नाव काय आहे ते पाहा. ‘नोव्हेलो’ या एकाच प्रकाशनाची दोन वेगळी पुस्तके निघण्याची शक्यता बरीच आहे. एक १९०२चे, एबेनेझर प्राउट यांनी संपादित केलेले आणि दुसरे वॉटकिन्स शॉ यांचे, १९५९पासूनचे. दोन्हींची पाने जुळत नाहीत. प्राउट यांच्या पुस्तकात लहान-मोठ्या आवाजाच्या बऱ्याच खुणा संपादकाच्या आहेत, हॅन्डेलच्या नव्हेत. त्यात कोणी ‘बेरेनरायटर’ या दुसऱ्या प्रकाशनाचे पुस्तक आणले तर घोळ आणखी वाढतो. ‘हालेलुया’ कोरसचा क्रमांक नोव्हेलोत ४४ आहे आणि बेरेनरायटरमध्ये ३९. तालमीत ‘नंबर ४४ काढा’ म्हटल्यावर अर्धे लोक पाने चाळत बसतात, ते याच कारणाने. सगळ्यांच्या हातात एकच आवृत्ती हवी. जुन्यांपैकी एका आवृत्तीच्या प्रती जास्त असतील आणि ती अजून छापली जात असेल तर तीच घ्या.

तुम्हाला हवा तो प्रकार म्हणजे व्होकल स्कोअर. त्यात चारही आवाज (सोप्रानो आणि आल्टो हे स्त्रियांचे वरचे व खालचे, टेनर आणि बास हे पुरुषांचे वरचे व खालचे) आणि त्यांच्याखाली पियानो किंवा ऑर्गनसाठी उतरवलेली साथ असते. फक्त आवाज छापलेला कोरल स्कोअर स्वस्त पडतो, पण साथ दिसत नसल्यामुळे नवख्या गायकाला आपण कुठे शिरायचे ते कळत नाही. तुमच्यासारख्या गटाला तो घेऊ नका. प्रती गायकांच्या २४, शिवाय कंडक्टरची एक आणि ऑर्गनवाल्याची एक, अशा २६ लागतील. तीनच कोरस गायचे असतील तर अख्ख्या ग्रंथाची गरज नाही. यांतले लोकप्रिय कोरस सुटे, लहान आकाराच्या पुस्तिकांतही मिळतात. मात्र तिन्ही पुस्तिका एकाच प्रकाशनाच्या घ्या.

तीन आवाजांच्या अरेंजमेंटबद्दल आमचे मत स्पष्ट आहे : ‘हालेलुया’साठी ती घेऊ नका. ‘अँड ही शॅल रेन’ या ओळीवर आधी बास शिरतात, मग टेनर, मग आल्टो आणि शेवटी सोप्रानो. एकावर एक चढणाऱ्या या चार प्रवेशांवरच तो भाग उभा आहे. टेनर आणि बास एकत्र केले की दुसरा प्रवेश एक तर गळतो, नाही तर भलत्याच आवाजाकडे जातो. तीन टेनर कमी वाटत असतील तर खालच्या आवाजाच्या दोन आल्टोंना तेवढ्यापुरते टेनरच्या ओळीवर बसवा. टेनरची ओळ ट्रेबल क्लेफमध्ये (ओळीच्या सुरुवातीला असणाऱ्या, उंच स्वरांच्या खुणेत), खाली ८ आकडा घालून लिहिलेली असते. म्हणजे लिहिले आहे त्यापेक्षा एक सप्तक खाली गायचे, हे त्या दोघींना आधीच सांगून ठेवा.

व्हायोलिनवाले बोलावणार असाल तर त्यांचे पार्ट्सही (एकेका वाद्याच्या सुट्या पुस्तिका) व्होकल स्कोअरच्याच आवृत्तीचे मागवा. एका स्टँडवर दोघे बसतात, म्हणून पहिल्या व्हायोलिनचे चौघे असतील तर त्या पार्टच्या दोन प्रती पुरतात. ट्रम्पेट आणि टिंपनीला मात्र प्रत्येकी स्वतंत्र पार्ट लागतो.

प्रश्न : लग्नाच्या मिसेला गुनोची ‘आवे मारिया’ म्हणतो. ऑर्गन वाजवणारा म्हणतो की ही बाखचीच प्रील्यूड आहे, माझ्याकडे पुस्तक आहे, वेगळी प्रत कशाला? पण दर वेळी मध्यावर गाणे आणि साथ एका बारने (तालाच्या एका खंडाने) सुटतात. चूक कोणाची? (मडगाव)

उत्तर : चूक दोघांचीही नाही. दोघांच्या हातांत दोन वेगळी नोटेशन्स आहेत.

बाखची सी मेजर प्रील्यूड १७२२च्या ‘वेल टेम्पर्ड क्लेव्हिअर’च्या पहिल्या भागातली. तिचे बार ३५. पुढे श्वेंके नावाच्या संगीतकाराच्या प्रतीतून २२ आणि २३ या बारांच्या मध्ये एक जास्तीचा बार शिरला आणि तो बऱ्याच जुन्या छापील पुस्तकांत राहून गेला. गुनो यांनी १८५३मध्ये या प्रील्यूडवर आपली धून बांधली, ती हा जास्तीचा बार असलेल्या प्रतीवर. ‘आवे मारिया’चे शब्द तिला १८५९मध्ये लागले. आजच्या चांगल्या बाख आवृत्तीत तो बार नसतो आणि गुनोच्या गाण्यात तो असलाच पाहिजे.

ओळखायची खूण सोपी आहे. बार २२पासून सर्वांत खालचा स्वर पाहत चला. एफ शार्पवरून थेट ए फ्लॅट (शार्प म्हणजे तीव्र, फ्लॅट म्हणजे कोमल) आला तर ते बाखचे. एफ शार्प, जी, ए फ्लॅट अशा तीन पायऱ्या दिसल्या तर मधला जी श्वेंकेचा. आणखी एक फरक सुरुवातीलाच आहे. गाण्यात पहिले चार बार प्रस्तावना म्हणून वाजतात आणि गळा लागतो तेव्हा साथ पुन्हा पहिल्या बारपासून सुरू होते. त्यामुळे गाण्याच्या प्रतीत हा जास्तीचा बार २७वा येतो.

थोडक्यात, ऑर्गनवाल्यानेही गुनोची प्रत घ्यावी. घेताना पट्टी पाहा, कारण हे गाणे उंच, मध्यम आणि खालच्या आवाजासाठी निरनिराळ्या की मध्ये छापलेले मिळते. दोघांच्या प्रती एकाच की च्या हव्यात. व्हायोलिनही साथीला असेल तर त्याचा पार्ट त्याच संचातला आहे ना, ते दुकानातच उघडून बघा.

प्रश्न : मुलगी पियानोच्या पाचव्या ग्रेडला आहे. बाई ‘उर्टेक्स्ट’ आवृत्ती घ्यायला सांगतात. किंमत दुप्पट आहे आणि तेच नोटेशन इंटरनेटवर फुकट मिळते. खर्च करावा का? (नाशिक)

उत्तर : परीक्षेसाठी नाही, पुढच्या अभ्यासासाठी हो.

परीक्षेच्या रचनांसाठी परीक्षा घेणाऱ्या मंडळाचे त्या वर्षांचे पुस्तक घ्या. मुखपृष्ठावर अभ्यासक्रमाची वर्षे छापलेली असतात, ती पाहिल्याशिवाय जुने पुस्तक कोणाकडून घेऊ नका. परीक्षेला झेरॉक्स चालत नाही. मूळ पुस्तक किंवा रीतसर विकत घेतलेली डिजिटल प्रत लागते. यादीत एखाद्या गाण्याची ठरावीक अरेंजमेंट सांगितली असेल तर तीच वाजवावी लागते, तशाच नावाची दुसरी नाही.

उर्टेक्स्ट म्हणजे संगीतकाराचे हस्तलिखित आणि त्याच्या काळातल्या छापील प्रती ताडून, संपादकाने स्वतःचे काही न मिसळता दिलेले नोटेशन. म्युनिकचे हेन्ले हे प्रकाशन १९४८पासून याच कामासाठी ओळखले जाते. फरक कुठे पडतो ते बाखमध्ये चटकन दिसतो. बाखने बहुतेक प्रील्यूड-फ्यूगवर ना लय लिहिली ना आवाजाच्या खुणा. चेर्नीने १८३७च्या आवृत्तीत त्या भरभरून घातल्या, आणि इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या जुन्या प्रतींत अशा आवृत्त्या पुष्कळ आहेत. मूल त्या खुणा बाखच्याच समजून पाठ करते आणि मग त्या पुसणे बाईंना फार जड जाते. उर्टेक्स्टमध्येही बोटांचे आकडे बहुधा संपादकाचेच असतात. ते मुलीच्या हाताला जमत नसतील तर बेलाशक बदला.

सगळेच उर्टेक्स्ट घ्यायची गरज नाही. सोनाटिना आणि एट्यूडची साधी पुस्तके पुरतात. बाख, मोझार्ट, बीथोव्हेन आणि शोपॅं यांच्यासाठी पैसे घाला, कारण ही पुस्तके मुलगी पुढची कित्येक वर्षे उघडणार आहे. बीथोव्हेनच्या सोनाटांची बॅरी कूपर यांनी संपादित केलेली एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाची आवृत्ती शिकणाऱ्याला विशेष उपयोगी, कारण प्रत्येक सोनाटावर टिपा आहेत. तिच्यात नेहमीच्या ३२ऐवजी ३५ सोनाटा आहेत. लहानपणी लिहिलेल्या तीनही त्यांनी घेतल्या आहेत. शोपॅंसाठी यान एकिएर यांची पोलिश नॅशनल एडिशन पाहा. शोपॅंच्या रचना फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या प्रकाशकांनी छापल्या आणि त्यांत स्वरांचेही फरक राहिले. कोणता पाठ का घेतला, हे त्या आवृत्तीत सांगितलेले असते.

प्रश्न : आम्ही चौघे हौशी वादक स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो) सुरू करतो आहोत. पहिली खरेदी काय करावी? (पुणे)

उत्तर : मोझार्टचे १७७२चे तीन डिव्हर्टिमेंटो, के. (केशेलच्या यादीतला क्रमांक) १३६ ते १३८. चौघांनी वाजवता येतात, पुढे माणसे वाढली तर स्ट्रिंग ऑर्केस्ट्रालाही तेच चालतात. पहिल्या व्हायोलिनवर मात्र बराच भार आहे, तेव्हा तुमच्यातला सर्वांत तयार वादक तिथे बसवा.

क्वार्टेटचे ‘पार्ट्स’ मागवले की चार पुस्तिका येतात, स्कोअर (चौघांच्या ओळी एकत्र छापलेले पुस्तक) बहुधा येत नाही. एक खिशात मावेल एवढा स्टडी स्कोअर वेगळा घ्या, शक्यतो त्याच प्रकाशनाचा, म्हणजे बारचे आकडे जुळतील. तो नसेल तर गाडी अडली की कोण चुकले यावर वाद होतो आणि तालमीचा वेळ त्यातच जातो. पार्ट्स घेताना दोन गोष्टी तपासा : प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बारचा आकडा आहे का, आणि पान उलटायच्या जागी विश्रांती आहे का.

जुन्या छपाईचे बीथोव्हेन किंवा द्वोर्जाक घेतलेत तर चेलोवाल्याने सावध राहावे. त्यांत चेलोची वरची सुरावट ट्रेबल क्लेफमध्ये एक सप्तक चढवून लिहायची पद्धत आहे. बास क्लेफनंतर थेट ट्रेबल आला आणि स्वर अशक्य उंच दिसले, तर बहुधा सप्तकभर खाली वाजवायचे असते. नव्या आवृत्त्यांत हे सरळ करून दिलेले असते, आणि नवी प्रत घ्यायला एवढे कारण पुरेसे आहे.

प्रश्न : शाळेच्या वाद्यवृंदात ५ व्हायोलिन, २ रेकॉर्डर, २ क्लॅरिनेट, १ आल्टो सॅक्सोफोन आणि कीबोर्ड आहे. अशा मेळासाठी छापील नोटेशन मिळते का? (कोल्हापूर)

उत्तर : मिळते. ‘फ्लेक्झिबल’ किंवा ‘फ्लेक्स’ असे लिहिलेले चार-पाच सुरावटींचे संच मागवा. त्यांत प्रत्येक सुरावट सी, बी फ्लॅट आणि ई फ्लॅट वाद्यांसाठी वेगवेगळी छापलेली असते, कारण लिहिलेला सी या वाद्यांवर अनुक्रमे सी, बी फ्लॅट आणि ई फ्लॅट असा ऐकू येतो. सर्वांत खालची सुरावट कोण वाजवणार ते आधी ठरवा. तुमच्याकडे चेलो नाही, त्यामुळे ती कीबोर्डच्या डाव्या हाताला द्यावी लागेल.

खरी निवड की ची, म्हणजे पट्टीची, आहे. व्हायोलिन शिकणाऱ्यांना डी मेजर सोपा, म्हणून शिक्षक तोच घेतात. पण डी मेजरमध्ये बी फ्लॅट क्लॅरिनेटपुढे ई मेजर, म्हणजे चार शार्प येतात आणि आल्टो सॅक्सोफोनपुढे बी मेजर, म्हणजे पाच. मुले तिथेच गळतात. एफ मेजर घेतला तर व्हायोलिनला एक फ्लॅट, क्लॅरिनेटला एक शार्प आणि सॅक्सोफोनला दोन शार्प एवढेच उरते. व्हायोलिनच्या मुलांना ए तारेवरचे पहिले बोट बी फ्लॅटसाठी मागे सरकवायला शिकवावे लागेल. एक-दोन तासिका त्यावर घालवा, बाकी सगळा मेळ सुरळीत बसतो.

प्रती : व्हायोलिनच्या पाच मुलांना तीन स्टँड, म्हणून तीन. बाकी प्रत्येकाला एक आणि शिक्षकांना स्कोअर.

प्रश्न : इंटरनेटवरून उतरवलेले नोटेशन कायदेशीर असते का? आणि ए-फोरवर छापले की इतके बारीक का दिसते? (डोंबिवली)

उत्तर : भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतात. पुलँक १९६३मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना इथे १ जानेवारी २०२४पासून मोकळ्या झाल्या. युरोपात मुदत ७० वर्षांची आहे. शोस्ताकोविच १९७५मध्ये गेले, म्हणजे त्यांच्यासाठी इथे २०३५ संपेपर्यंत थांबावे लागेल. रचना जुनी असली तरी नव्या अरेंजमेंटवर अरेंजरचा हक्क वेगळा असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आकाराचे म्हणाल तर बरेचसे पार्ट्स ९ × १२ इंची पानासाठी आखलेले असतात. ए-फोरची रुंदी २१० मिलिमीटर, म्हणून पान सुमारे ९२ टक्क्यांवर येते, आणि प्रिंटरने समास सोडला की आणखी लहान होते. पाच रेघांची उंची ७ मिलिमीटरपेक्षा कमी झाली तर स्टँडवरून वाचताना डोळे ताणावे लागतात. त्यापेक्षा डिजिटल प्रिंटिंगवाल्याकडे १२ × १८ इंची कागद मागा. तो मधोमध दुमडला की बरोबर ९ × १२ची पुस्तिका होते. कागद १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) घ्या. ७० जीएसएमवर मागच्या पानाचे स्वर पुढे दिसतात आणि पंख्याच्या वाऱ्याने पाने उडतात. छापण्याआधी पानांचा क्रम लावताना पहिले पान कोरे ठेवून पाहा : कधी कधी तेवढ्यानेच अवघड जागी येणारे पान उलटणे टळते.