एकच वार केला, जीव घ्यायचा नव्हता. मग खुनाचं कलम कसं लागतं?

तुम्ही विचारलंय की बांधावरच्या भांडणात काकांनी पोटावर कोयत्याचा एकच वार केला, तो माणूस तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला, काकांना त्याचा जीव घ्यायचा नव्हता, तरी पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं १०३, म्हणजे खुनाच्या शिक्षेचं कलम, कसं लावलं.

'एकच वार म्हणजे ३०४ भाग दोन' (जुन्या दंडसंहितेतलं, खुनापेक्षा हलकं सदोष मनुष्यवधाचं कलम) हे कोर्टाच्या आवारात सर्रास ऐकू येतं. ते साफ चूक आहे आणि पक्षकारांना ते भोवतं. जीव घ्यायचा उद्देश हा खुनाचा फक्त एक प्रकार झाला. कलम १०१ (जुनं ३००) मधला तिसरा प्रकार वेगळा आहे. करायची होती तीच जखम केली आणि नेहमीच्या परिस्थितीत तेवढ्या जखमेने माणूस मरतो, एवढं सिद्ध झालं की खून झाला.

हे पक्कं झालं विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९५८ च्या निकालात. आरोपी एकवीस-बावीस वर्षांचा. त्याने भाला एकदाच मारला. डाव्या बाजूला ओटीपोटात दोन इंच बाय अर्धा इंच जखम, आतड्याची तीन वेटोळी बाहेर आलेली. माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारला. सत्र न्यायाधीशांनीच लिहिलं होतं की याचा ठार मारायचा उद्देश वाटत नाही. तरी शिक्षा खुनाचीच झाली आणि सुप्रीम कोर्टात ती टिकली. नागपूर हायकोर्टातून तिथे गेलेल्या न्या. व्हिव्हियन बोस यांनी सरकार पक्षाला चार गोष्टी सिद्ध करायला सांगितल्या: जखम आहे, तिचं स्वरूप काय आहे, नेमकी तीच जखम करायचा उद्देश होता, आणि ती मरणाला पुरेशी होती. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या मुद्द्यात आरोपीच्या मनाचा काही संबंध नाही. जखम किती गंभीर ठरेल हे त्याला ठाऊक होतं का, हा प्रश्नच तिथे येत नाही. मन तपासायचं ते फक्त तिसऱ्या मुद्द्यावर.

म्हणून बचाव उभा राहतो तोही तिथेच. १९६८ च्या हरजिंदर सिंग खटल्यात मधे पडलेल्या माणसाच्या मांडीत चाकू गेला, रक्तवाहिनी कापली आणि तो मेला. पण झटापटीत तो वाकलेला होता, नेमका त्या जागी वार करायचा होता हे सिद्ध झालं नाही. खुनाचं कलम उतरलं. तेव्हा काकांच्या वकिलांना विचारा, वार झाला तेव्हा समोरचा उभा होता, वळला होता की अंगावर येत होता? साक्षीदार काय सांगतात? शवविच्छेदनात जखमेची दिशा आणि खोली काय लिहिली आहे? 'ही जखम मरणाला पुरेशी होती' असं डॉक्टरांनी म्हटलंय का? कित्येकदा सरकारी वकील त्यांना हा प्रश्न विचारायचंच विसरतात.

दुसरी वाट कलम १०१ मधल्या अपवाद ४ ची, जिथे खून हा खून धरला जात नाही. पूर्वतयारी नसलेलं अचानक भांडण, रागाच्या भरात केलेला वार, गैरफायदा किंवा क्रूरपणा नाही. इथे कोयता शेतात हातात होता की घरातून आणला, यावर सगळं फिरतं. मात्र अपवाद दाखवायचा भार आरोपीवर असतो. अपवाद बसला तर प्रकरण १०५ खाली, म्हणजे सदोष मनुष्यवधात येतं. त्यातही उद्देश धरला तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं, यातून मरण येऊ शकतं एवढी नुसती जाणीव धरली तर दहा वर्षांपर्यंत आणि दंड.

'वेळेत ऑपरेशन झालं असतं तर वाचला असता' यावर विसंबू नका. योग्य उपचारांनी मरण टळलं असतं तरी जखम करणाराच मृत्यूला कारण ठरतो, असं कलम १०० च्या स्पष्टीकरणातच लिहिलंय.

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी दंडसंहिताच लागेल. आणि आरोपपत्रात १०३ असलं तरी न्यायाधीश पुराव्यावरून १०५ खाली शिक्षा देऊ शकतात, त्यासाठी वेगळा आरोप ठेवावा लागत नाही.